केरबा अण्णांचा पक्षप्रवेश

आमच्या थोरल्या लेकीच्या लग्नात, अंतरपाट धरायला पाच मिनिटं उरली असताना, केरबा अण्णांनी नवरदेवाच्या मामांना मांडवाच्या खांबाशी गाठलं आणि विचारलं, "पावणं, देशाचं वाटोळं कुणी केलं?"

मामा सज्जन गृहस्थ. कोल्हापुरात पाहुण्यांची विचारपूस अशीच करत असतील, असं त्यांना वाटलं असावं. ते हसून म्हणाले, "सगळ्यांनीच केलं की हो."

"सगळ्यांनी म्हंजे कुणीच न्हाय. कुठल्या पार्टीनं केलं ते सांगा."

एवढं बोलून अण्णा हाताची घडी घालून उभे राहिले. मामा डावीकडे सरकले, अण्णाही सरकले. गुरुजींनी माइकवरून मुलाच्या मामांचा पुकारा दोनदा केला. शेवटी सुटका व्हावी म्हणून मामांनी मनाला येईल त्या पक्षाचं नाव घेतलं, आणि ते नेमकं अण्णांच्याच पक्षाचं निघालं. अक्षता पडेपर्यंत दोघांचं चाललं होतं. गुरुजी "सावधान" म्हणत होते ते नवरा-नवरीला नसून मामांना आहे, असंच मला वाटत होतं.

केरबा अण्णा आमच्या समोरच्या घरात राहतात. ते आणि आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर तीस वर्षं उभे होते. मशीनच्या आवाजात बोलायचं म्हणून दोघांचे आवाज जे चढले, ते निवृत्त झाल्यावरही उतरले नाहीत. "शामा, तुज्या पार्टीनं खुर्च्या उबवल्या, दुसरं काय केलं?" असं अण्णांनी आपल्या ओट्यावरून आमच्या मालकांना विचारलं, की तिसऱ्या गल्लीतला माणूस दचकून खुर्चीतून उठायचा.

पक्षांची नावं मी लिहिणार नाही. एकाचं लिहिलं तर निम्मे वाचक पुस्तक मिटतील, दुसऱ्याचं लिहिलं तर उरलेले. शिवाय आमच्या हयातीत हे पक्ष इतक्या वेळा फुटले आणि इतक्या वेळा जुळले, की कालचं नाव आज चालेल याचीही खात्री नाही. एकदा तर अण्णांचा पक्ष आणि आमच्या मालकांचा पक्ष एकाच सरकारात जाऊन बसले. त्या दिवशी दोघंही सुतकात असल्यासारखे ओट्यावर बसून होते. तासाभरानं अण्णा म्हणाले, "शामा, युती त्यांची झाली. आपली न्हाय." आमचे मालक म्हणाले, "व्हय की." आणि घरातलं वातावरण पूर्वपदावर आलं.

रोज संध्याकाळी दोघं दूध कट्ट्यावर जायचे. आमच्याकडे म्हशी चौकात आणतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून पेला हातात देतात. बाकीची माणसं ओठावरचा फेस पुसून घरी जातात. हे दोघं फेस पुसून देशाचं वाटोळं कुणी केलं ते ठरवायला बसायचे. चाळीस वर्षांत ते ठरलं नाही.

अण्णांची वादाची पद्धत मात्र मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरचा अडखळला तरी मध्ये तोंड घालायचं नाही, पण उत्तर मिळाल्याशिवाय त्याला सोडायचंही नाही. एकदा आमच्या मालकांनी कंटाळून "उद्या सांगतो" म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला मी दार उघडलं तेव्हा अण्णा पायरीवर बसलेले. "वैनी, शामा उठला का? त्येचं एक उत्तर ऱ्हायलंय."

आता माझ्याबद्दल. लग्न होऊन कागलहून आले तेव्हा मी भांड्यांबरोबर वडिलांचा पक्षही घेऊन आले होते. तो आमच्या मालकांचाच निघाला, हे माझं नशीब. नसता निघाला तर मी परत गेले असते, असं मी त्या काळी बायकांना सांगत असे. कुठे परत जाणार होते देव जाणे. मला वाटायचं देश माझ्या एकटीच्या भरवशावर चाललाय. समोरच्या इंदूताईंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, मी दोन वर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नाही, कारण त्यांच्या दारावर दुसऱ्या पक्षाचं स्टिकर होतं. आणि एका निवडणुकीत तर मी पहाटे उठून त्यांच्या उंबऱ्यासमोर आमच्या पक्षाची निशाणी रांगोळीनं काढली. अशी मोठी, की तुडवल्याशिवाय बाहेर पडता येऊ नये. मतदानाच्या दिवसापर्यंत रोज गिरवत होते. तेवढे दिवस अण्णा मागच्या बोळातून, शेजाऱ्यांच्या न्हाणीघरावरून वळसा घालून कारखान्यात गेले. मी मैत्रिणींना सांगितलं, कसा घाबरवला. पुढे कितीतरी वर्षांनी इंदूताईंनी सांगितलं, "ह्ये म्हनालं, लोकं देवासारखं मानत्यात त्या निशाणीला. आपला पाय कशाला लावा?" ते ऐकलं तेव्हा मी चाळिशीत होते. त्याआधीची मी मला कुठे भेटलीच, तर मी तिला दारात उभी करणार नाही.

इंदूताई गेल्या. अण्णांचा मुलगा पुण्याला गेला. मग मुलानं अण्णांना मोबाइल आणून दिला आणि पेठेतल्या कुणीतरी त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपवर सकाळपासून देशाचं वाटोळं चालूच असतं. पण अण्णांना वाटलं, जो पाठवतो तो विचारतो. ते प्रत्येकाला फोन लावायचे. "हे तू लिवलंस न्हवं? मग माजं ऐक आणि उत्तर दे." समोरचा म्हणायचा, "अण्णा, मला आलं तसं पुढं ढकललं." यावर अण्णा फोन कानाला धरून थांबायचे. आठ दिवसांत त्यांना ग्रुपमधून काढलं. ते ओट्यावर येऊन आमच्या मालकांना म्हणाले, "शामा, लोकं भांडत्यात पर त्यास्नी उत्तर नकोच हाय. हे काय भांडान झालं?"

मागच्या दिवाळीनंतर आमच्या मालकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, पण बोलायला गेले की तोंडातून नुसता घोगरा आवाज यायचा. वाचा शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी सांगितलं, "त्यांच्याशी बोला आणि वाट बघा. तुम्ही त्यांची वाक्यं पुरी करू नका. पहिल्या काही महिन्यांत शब्द परत आले तर आले."

हे मला सांगणं म्हणजे गंमतच. मी उभ्या जन्मात कुणाचं वाक्य त्याला पुरं करू दिलेलं नाही. "पाणी पाहिजे? पाहिजे ना? हे घ्या," असं मी एका दमात म्हणायची. मुलगी तशीच, जावई तसाच. कुणाला त्यांचं तोंड वेडंवाकडं होताना बघवत नव्हतं, म्हणून आम्ही सगळे त्यांच्या वतीनं बोलून मोकळे व्हायचो.

मालकांना दवाखान्यातून घरी आणलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी केरबा अण्णा आले. कॉटशेजारी स्टूल ओढलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शामा, तुज्या पार्टीनं देश धुळीला मिळवला. बोल." आणि थांबले. आमच्या मालकांचे ओठ हलले, मान ताणली, डोळ्यांतून पाणी आलं. अण्णा थांबलेलेच. असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी मी स्टूल उचललं आणि म्हटलं, "अण्णा, आता तरी सोडा त्यांना. चाळीस वर्षं भांडलात, मन भरलं नाही का? आणि पुन्हा या घरात पार्टीचं नाव काढायचं नाही."

अण्णा मागे वळले. चपला घालून गेले.

दहा दिवस फिरकले नाहीत. अकराव्या दिवशी पेठेतल्या सगळ्या मोबाइलवर एक फोटो आला. आमच्या पक्षाचं वॉर्डातलं ऑफिस, मधोमध केरबा अण्णा, गळ्यात आमच्या पक्षाचं उपरणं, शेजारी वॉर्डाध्यक्ष हात जोडून उभे. खाली लिहिलेलं: ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा जाहीर पक्षप्रवेश.

पेठ हसून हसून लोळली. कट्ट्यावर लोक म्हणाले, "काय अण्णा, किती पेले दुधावर फुटलासा?" अण्णांच्या स्वतःच्या पक्षाच्या माणसांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गणपतीपासून मयतीपर्यंत ज्यांच्यात ते बसायचे, ती माणसं त्यांना बघून बाकावरून उठायला लागली. आणि मी काय केलं? ज्या बाईला मी दारात उभी करणार नाही असं वर लिहिलंय, ती बाई माझ्यातून गेलेली नव्हती. मी फोटो मालकांसमोर धरला आणि म्हटलं, "बघा तुमचा केरबा. शेवटी आला की नाही आपल्यात?" त्यांनी फोटो पाहिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याच दिवशी चार वाजता अण्णा दारात उभे. हातात शाळेची दोनशे पानी वही.

"या, नवे कार्यकर्ते," मी म्हटलं.

"वैनी, शिव्या देणार न्हाय. दहा मिंटं बसू द्या."

मी बसू दिलं, मालकांचा चेहरा बघायला मिळावा म्हणून. पण मला भाजी निवडायची होती, मी स्वयंपाकघरात गेले. आतून ऐकते तर अण्णा वाचत होते. आधी स्वतःच्या बाजूचा एक मुद्दा सांगितला. मग पान उलटून म्हणाले, "आता तुजी बाजू. ह्यावर तू म्हनणार..." आणि आमच्या पक्षाचं म्हणणं वाचायला लागले. थांबत थांबत, बोट ओळीवर ठेवून वाचल्यासारखं. मग पुन्हा स्वतःचा मुद्दा. प्रत्येकानंतर थांबायचे. त्या थांबण्यात मला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायचा.

जाताना मी त्यांना दारात गाठलं. "अण्णा, हे काय चाललंय?"

ते पायात चप्पल शोधत होते. वर न बघता म्हणाले, "शामाच्या तोंडात शब्द न्हाईत. त्येची बाजू मांडणार कोण? एकतर्फी भांडायची मला लाज वाटाय लागली वैनी. म्हनून त्येच्या ऑफिसात गेलतो. म्हटलं, तुमचं म्हननं काय ते लिवून द्या. ती मानसं येडी. त्यास्नी वाटलं म्हातारा आला फुटून. गळ्यात फडकं घातलं, फोटो काडला. मी म्हटलं काडा, पर आधी लिवून द्या."

"पण चाळीस वर्षं तुम्ही त्यांचं म्हणणं ऐकलंत. लिहून कशाला आणायचं?"

अण्णांना चप्पल सापडली, पण त्यांनी ती पायात घातली नाही. "शामा बोलत असला की मी गप बसायचो, पर डोस्क्यात माजं फुडचं जुळवत असायचो. त्येचं कायबी ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

"मग कट्ट्यावर सांगा की खरं काय ते. लोक थुंकतात तुमच्यावर."

"काय सांगू? शामाची वाचा गेली म्हनून सांगू? कट्ट्यावर समद्यांस्नी ठावं हाय त्येचा हात गेलाय. तोंडाचं कुनाला म्हाईत न्हाय. आवाज व्हता वैनी त्येचा. म्हशी कान टवकारायच्या. उद्या बरा होऊन कट्ट्यावर आला तर लोकं कीव करत्यात त्येची. मला फुटीर म्हंत्यात, म्हनू द्या. मी हाय की धडधाकट, ऐकून घ्यायला."

मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार थोडे आले.

त्यानंतर अण्णा रोज चारला यायला लागले. मी स्टूलवर गादी घातली. दोन महिने ते दोन्ही बाजू एकटे लढवत होते, आणि एकदाही त्यांनी स्वतःला जिंकू दिलं नाही. वाचेच्या बाई एकदा ते ऐकत उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "आजी, हे गृहस्थ कोण? ह्यांच्याइतकं थांबायला मलाही जमत नाही."

परवाची गोष्ट. अण्णांनी वहीतलं शेवटचं पान काढलं. वॉर्डाध्यक्षांनी त्यावर मोठ्या अक्षरांत समारोप लिहून दिला होता. अण्णांनी घसा साफ केला आणि वाचलं, "आमच्या पार्टीनं आजवर एकबी चूक केलेली न्हाय." मग वही मांडीवर पालथी घातली. "हे तुजं म्हननं, शामा. बराबर हाय का?"

आणि थांबले.

मी आत कणीक मळत होते. बराच वेळ काही नाही. मग कॉटवरून आवाज आला. जड, घासलेला, पण शब्दच.

"न्हाय."

मी कणकेच्या हातानं तशीच पळत आले. "काय नाही? काय हो? पाणी नको? उशी नको का..."

केरबा अण्णांनी माझ्याकडे न बघता पंजा वर केला. त्यांचे डोळे मालकांच्या तोंडावर होते.

"थांबा वैनी," ते म्हणाले, आणि मी त्यांना इतक्या हळू बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "त्येचं अजून संपलं न्हाय."

मालकांचे ओठ पुन्हा हलायला लागले होते. मी तोंड मिटलं आणि कॉटच्या पायथ्याशी बसले.