एक किलो कमी झाल्याबद्दल जाहीर सत्कार

माणसाचं वजन ही ज्याची त्याची खाजगी बाब असते, असा समज मोठ्या शहरांत आहे. मावळात वजनाची नोंद सार्वजनिक मालमत्तेत होते: रस्ता, पाण्याची टाकी, स्मशानभूमीचं शेड आणि गावातल्या माणसांची वजनं, या क्रमाने. त्यामुळे सोमाटण्याच्या आदिनाथचं वजन एकोणनव्वद किलो आहे, हे त्याच्या आधी गावाला माहीत होतं.

त्याला ते कळलं एका शिडीमुळे. आदिनाथ नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात सात वर्षं कंत्राटी कामगार होता. तिथल्या अग्निशमन पथकात एक कायमची जागा निघाली. सगळ्या अटींत तो बसत होता. फक्त पथकाच्या शिडीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘कमाल भार ८५ किलो’. (वरून माणूस खांद्यावर घेऊन उतरायचं झालं तर हा हिशेब कसा बसवायचा, हे शिडीवर लिहिलेलं नव्हतं.) कारखान्याने बारा आठवड्यांची मुदत दिली. चार किलो उतरले तर नोकरी कायम; नाही उतरले तर कंत्राट संपलं, गेटपास जमा.

आदिनाथने फाट्यावरची जिम गाठली. तिथली ट्रेनर कोमल ही चोवीस वर्षांची, कमी बोलणारी मुलगी. तिने त्याला एक पानभर सल्ला लिहून दिला. तो इतका साधा होता की आदिनाथला फसवल्यासारखं वाटलं. झोप सात तास. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडं, दही यांपैकी काहीतरी. भाकरी बंद नाही, पण तिनाच्या दोन. गोड आणि तळलेलं आठवड्यातून एकदा. जिम आठवड्यातून तीन दिवस, सुरुवात हलक्या वजनांनी, तीही अंग गरम केल्यावर. उरलेले दिवस अर्धा तास चालणं. दुखलं तर थांबणं. घाई नाही.

“आन् पावडर?” आदिनाथने विचारलं.

“मटकी खा, दादा.”

दोन आठवड्यांत काटा अठ्ठ्याऐंशीवर आला. आदिनाथने ही गोष्ट फक्त सविताला, म्हणजे बायकोला सांगितली. सविताने ती फक्त बहिणीला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर बारा बाय दहाचा फ्लेक्स लागला होता. त्यावर गॉगल घातलेला आदिनाथ, खाली ‘८९ वरून थेट ८८! गावाचा अभिमान’ आणि त्याखाली त्रेचाळीस शुभेच्छुक, फोटोसह.

हे काम तरुण मंडळाचे अध्यक्ष बाजीरावभाऊ यांचं. बाजीरावभाऊ अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. (मंडळाच्या नोंदणीत ‘तरुण’ हा शब्द आहे, वय नाही.) आजवर त्यांनी सहाशेवर सत्कार घडवून आणले. त्यांत एक सत्कार ड्रायव्हिंग लायसन्सचं नूतनीकरण वेळेत केल्याबद्दल होता.

कार्यक्रम देखणा झाला. कोमलच्या सल्ल्याचं पान फ्रेम करून हार घालून ठेवलं होतं. त्याचं जाहीर वाचन झालं. ‘सात तास झोप’ या ओळीला टाळ्या पडल्या. ‘गोड आणि तळलेलं आठवड्यातून एकदा’ ही ओळ आली तेव्हा ती एक वेळ आजचीच धरावी असा ठराव झाला आणि भजी आली. ‘यांपैकी काहीतरी’ हा शब्दप्रयोग मंडळाला कंजूषपणाचा वाटला; म्हणून डाळ, उसळ, अंडी, दही सगळंच ठेवलं होतं, आणि वर मटण. मग त्रेचाळीस शुभेच्छुकांनी सत्कारमूर्तींना आपल्या हाताने एकेक पेढा भरवला. सात फोटो हलले, म्हणून सात पेढे पुन्हा भरवले गेले.

सोमवारी काट्याने नव्वद दाखवलं.

“यात पाणी आणि मीठच जास्त आहे, उतरेल,” कोमल म्हणाली. “पण सत्कार थांबवा.”

सत्कार थांबवणं ही सोपी गोष्ट नव्हे. आणखी दोन आठवड्यांनी आदिनाथ पुन्हा एकोणनव्वदवर आला, तेव्हा मंडळाने त्याला ‘एकाच तिमाहीत दुसऱ्यांदा एक किलो उतरवणारा तालुक्यातला पहिला माणूस’ म्हणून गौरवलं. या वेळी शुभेच्छुक एकसष्ट होते आणि छायाचित्रकार नवशिका. काटा एक्याण्णववर गेला. मंडळाच्या दप्तरी याची नोंद अशी आहे: घटलेलं वजन दोन किलो, वाढलेलं वजन चार किलो, एकूण उलाढाल सहा किलो.

आदिनाथने डोकं लावलं. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःच पारावर जाऊन सांगितलं की वजन वाढलंय, लय वाढलंय. गाव हळहळलं. त्या संध्याकाळपासून माणसं धीर द्यायला येऊ लागली, आणि धीर द्यायला मोकळ्या हाताने कोण जातं? चार दिवसांत घरात अडीच किलो फरसाण, शेंगदाण्याचे लाडू आणि एका दुःखी शेजाऱ्याने पाठवलेलं आख्खं फणसपोळीचं पाकीट जमा झालं. सविताने ते फडताळात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माहेरी धाडली.

मग रविवारी तो चालायला थेट लोहगडवाडीला गेला, जिथे त्याला कुणी ओळखणार नाही. गडाच्या पायथ्याला भागूबाईंचं पिठलं-भाकरीचं हॉटेल आहे. तिथे पाणी प्यायला म्हणून तो थांबला. भागूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आपल्या मोबाइलवर फिरत आलेल्या फ्लेक्सच्या फोटोकडे पाहिलं आणि न मागताच पिठलं-भाकरी वाढून वर चार कांदाभजी टाकली.

“पैसं न्हाई घेनार,” त्या म्हणाल्या. “आपल्या तालुक्याचा माणूस तुमी.”

सहा आठवडे संपले. काटा नव्वदवर. आदिनाथ फाट्यावर आपल्याच फ्लेक्सखाली बसून होता. वर बघता बघता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो त्याचा नव्हताच. सगळ्यात मोठा, वर उजवीकडे, ढगातून बाहेर आल्यासारखा फोटो बाजीरावभाऊंचा होता. तो उठला आणि थेट त्यांच्या घरी गेला.

“भाऊ, माजा सत्कार करून तुमी चूक करताय.”

बाजीरावभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. सत्कारात चूक हा आरोप त्यांच्यावर पहिल्यांदाच झाला होता.

“वजन माजं उतरलं, व्हय,” आदिनाथ म्हणाला. “पन मार्गदर्शन कुनाचं?”

“कुनाचं?”

“तुमचं.”

बाजीरावभाऊ बराच वेळ आठवत राहिले. आदिनाथला आपण काय सांगितलं होतं? “एकदा गाडीतनं म्हनलं होतं खरं,” ते हळूच म्हणाले, “की, जिमला चाललाय व्हय?”

“त्याच्यावरच चाललंय, भाऊ, समदं.”

बाजीरावभाऊंचे डोळे भरून आले. माणसाला आपली थोरवी दुसऱ्याकडून कळावी लागते.

त्या दिवसापासून आदिनाथचा जो किलो उतरे, त्याचा सत्कार बाजीरावभाऊंचा होई. शाल त्यांना, नारळ त्यांना, पेढे त्यांना. आदिनाथ मागच्या रांगेत मटकीचा डबा खात बसे आणि वेळेत घरी जाऊन सात तास झोपे. तो उतरत गेला तसा फ्लेक्सवरचा त्याचा फोटोही लहान होत गेला. अठ्ठ्याऐंशीला तो वहीएवढा होता, शहाऐंशीला पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाराव्या आठवड्यात तो शुभेच्छुकांत एकोणचाळिसाव्या नंबरवर होता. कारखान्याच्या काट्यावर त्याचं वजन चौऱ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम भरलं. कायम झाल्याचं पत्र हातात पडलं तेव्हा तो शिडीवर चढून बघून आला. शिडीने हूं की चूं केलं नाही.

त्याच रविवारी फाट्यावर ‘चार किलोंचे शिल्पकार’ असा बाजीरावभाऊंचा महासत्कार होता. एकोणसाठावा पेढा घेताना स्टेजची फळी मोडली. भाऊंना लागलं नाही, कारण ते स्टेजखालच्या लाडवांच्या खोक्यांवर पडले. पण डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. एकशे आठ. वीस किलो उतरवा, असं निक्षून सांगितलं.

बाजीरावभाऊ आता कोमलकडे जातात. तिने त्यांना तेच पान दिलं आहे, एक अक्षर न बदलता. पहिला किलो उतरलाही आहे. साहजिकच सत्कार ठरला. पण स्वतःचा सत्कार भाऊंना चालणार नाही. आता त्यांना सगळं कळलं आहे. त्यांना मार्गदर्शक हवा. आदिनाथची ड्युटी असते, कोमलने हात जोडले, आणि गावातल्या बाकी लोकांनी ते पान टाळ्या वाजवण्यापुरतंच ऐकलं आहे. तेव्हा मंडळाने नियम केला की ज्याने तो सल्ला पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचला, आणि त्यातलं अजून काहीच केलेलं नाही, असा माणूस मार्गदर्शक धरावा.

फ्लेक्स छापून आला आहे. वर उजवीकडे, ढगातला गोल रिकामा ठेवलाय. तुमचा एक फोटो पाठवा. गॉगल असला तर बरं. एकोणीस किलो अजून बाकी आहेत, म्हणजे हा धरून वीस रविवार दुपारी साडेबारा वाजता मोकळे ठेवा. जेवूनच जायचं आहे.