एका चपलेला अर्धा लाडू

गोविंदराव गुरुजींनी आयुष्यात कुणावर छडी उगारली नाही आणि (ताडकळसच्या लोकांना विचाराल तर) त्याचे परिणाम गावाने भोगले. निवृत्तीनंतर तरी ते शिकवणं सोडतील अशी त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंना आशा होती. पण घरात एक विद्यार्थी शिल्लक होता. त्याचं नाव नवाब.

नवाब हा तांबूस रंगाचा, एक कान पडलेला, कुठल्याच जातीत न बसणारा कुत्रा. पिल्लू असताना आठवडी बाजारातून गुरुजींच्या पिशवीमागे चालत आला आणि घरचाच झाला. तसा गुणी होता, पण पाहुण्याने दारात चपला काढल्या की त्यातली एक पळवायचा. एकच. पाहुणा चहा पिऊन बाहेर यायचा आणि उरलेली चप्पल हातात धरून घरी जायचा. हळूहळू पाहुणे यायचे कमी झाले, तेव्हा अनसूयाबाईंनी निकाल दिला.

"आठ दिवस बघते. तवर एक जरी चप्पल गेली, तर नवाब झरीला. आमच्या श्रीरामला रानात राखणीला कुत्रं लागायलंच हाय."

श्रीराम म्हणजे त्यांचा झरी गावातला भाऊ. गुरुजींनी हातातला घास ताटात ठेवला. नवाब ताटाशेजारी बसल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. हे ते कुणाला सांगत नसत, पण घराला माहीत होतं.

"मी शिकवतो त्याला," ते म्हणाले.

"तुमी?" अनसूयाबाई एवढंच म्हणाल्या.

गुरुजींनी मोबाइलवर कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका साहेबांचा व्हिडिओ पाहिला. मारू नका, रागावू नका, बरोबर वागला की लगेच खाऊ द्या, असं साहेब सांगत होते. गुरुजी हरखून गेले. हेच तर ते तीस वर्षं सांगत होते (आणि मुख्याध्यापक ऐकत नव्हते). लपवलेली चप्पल परत आणली की शेंगदाण्याचा अर्धा लाडू, असा दर ठरला.

नवाब पहिल्याच दिवशी शिकला. कडब्याच्या गंजीमागून दोन वर्षांच्या चपला एकेक करून बाहेर यायला लागल्या. गुरुजी त्या ज्याच्या त्याच्या घरी स्वतः नेऊन देत आणि परत येताना हॉटेलात थांबून, शिकवायची पद्धत कशी असावी, यावर चार शब्द बोलत. चहा थंड झाला तरी बोलत.

सहाव्या दिवशी नवाबाने लाल पट्ट्याची एक चप्पल आणली. ही कुणाची ते गुरुजींना आठवेना. शिवाय ती आतून अजून गरम होती. शंका आली, नाही असं नाही. पण हुशार विद्यार्थ्यावर शंका घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी लाडू दिला.

आठव्या दिवशी मारुतीच्या देवळात सप्ताहाची समाप्ती होती, काल्याचं कीर्तन होतं. सगळं गाव मंडपात आणि सगळ्या गावाच्या चपला मंडपाबाहेर. आजचा दिवस निघाला की नवाब सुटला, अशा खुशीत गुरुजी पुढच्या रांगेत बसले होते. महाराज रंगात आले होते. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नवाब आला, गुरुजींच्या मांडीपुढे एक चप्पल ठेवली आणि शिस्तीत बसला.

गुरुजींनी हळूच हात झटकला. लाडू मिळेना, म्हणजे ही चप्पल पसंत नसावी, असं नवाबाला वाटलं असणार. तो दुसरी घेऊन आला. मग तिसरी. मग कुणाचा तरी बूट. टाळकरी टाळ वाजवायचे विसरले. सहावी चप्पल खुद्द महाराजांची होती.

आता काय करावं ते सुचेना, म्हणून गुरुजींनी रुमालात बांधलेला खोबऱ्याचा तुकडा काढला आणि गप्प बसावा म्हणून नवाबापुढे टाकला. नवाबाने तो एका घासात संपवला. महाराजांच्या चपलेला भाव जास्त आहे हे त्याने ओळखलं आणि जोडीची दुसरी आणायला तो पळत सुटला.

कीर्तन थांबलं. मागच्या रांगेतून तात्याराव उठला. हा गुरुजींचाच विद्यार्थी, पाढे अजून सतरापर्यंतच येतात.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमच्या हाताखाली कुनीतरी शिकलं बगा."

सगळा मंडप हसला, महाराजही हसले. गुरुजींना हसू आलं नाही.

घरी येऊन त्यांनी नवाबाची थाळी पुसली, त्याचं पोतं घडी करून पिशवीत घातलं. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना भान नव्हतं.

"चुकलो मी आणि शिक्षा तुला रे," ते म्हणाले.

अनसूयाबाई दारात उभ्या होत्या. "त्याला कुटं न्यायलात?"

"झरीला. ठरलंच होतं ना."

"त्यानं काय केलं? तुमी शिकवलं तसं केलं. लेकरू लय हुशार हाय, ऱ्हाऊ द्या त्याला." मग त्यांनी ती पिशवी हातातून घेतली, पोतं काढून ठेवलं आणि गुरुजींचे दोन सदरे आत घातले. "गाव आता चार दिवस हसनार. तवर तुमीच जाऊन या झरीला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गुरुजी निघाले. श्रीरामने दाजींना पोटभर जेवू घातलं, हातात काठी दिली आणि हरभऱ्याच्या रानात वानरं हाकलायला बसवलं. चौथ्या दिवशी त्याचा बहिणीला फोन आला.

"अक्का, दाजींना माघारी बोलवून घे. वानरं हाकलायला बसवलं, तर त्ये शेंगदाने देऊन त्यांना शिस्त लावायलेत."

"मंग? शिकली का वानरं?"

"शिकली की. आता पंचक्रोशीतली समदी शिकायला आमच्याच रानात यायलीत."