हवा काढण्याचा करारनामा

गाडीतली हवा आपण स्वतः काढू, कोणत्याही मेकॅनिकचा हात बॉनेटला लागू देणार नाही, आणि हे सारे रविवारी चारच्या आत उरकू, असे परंतुरावांनी जाहीर केले!

"हवा? टायरमधली?" पत्नीने विचारले.

"रेडिएटरमधली! गळका पाइप मी बदलला, नवे पाणी भरले; परंतु आत कोंडलेली हवा बाहेर पडल्याशिवाय पाणी फिरत नाही, आणि पाणी फिरल्याशिवाय इंजिन थंड राहत नाही."

"आणि चार वाजले की भंगारवाला आल्याशिवाय राहत नाही."

परंतुराव पेशाने दस्तलेखक. 'परंतु' या शब्दावाचून त्यांचे एकही वाक्य घराबाहेर पडत नसे, म्हणून गावाने त्यांना हे नाव दिले होते. गाडी सव्वीस वर्षांची. गेले तीन महिने ती दर दोन मैलांवर उकळे, आणि मग पत्नीला पिशव्या घेऊन उरलेली वाट पायी तुडवावी लागे. तिने परस्पर भंगारवाल्याला शब्द दिला. त्यावर आठवडाभर वाद होऊन अखेर लेखी करार झाला: रविवारी चार वाजता गाडी सलग पंधरा मिनिटे धावली आणि तापमानाचा काटा लाल रेषेला शिवला नाही, तर गाडी राहील, अन्यथा जाईल. परंतुरावांनी सही केली खरी, पण त्या गाडीवर त्यांचा जीव होता.

रविवारी बारा वाजता फाटकाजवळच्या चढावर गाडी नाक वर करून उभी राहिली, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच यावे. झाकण उघडे, इंजिन चालू, आणि हीटर पूर्ण गरमवर. हवा दडते ती हीटरच्या बारीक नळ्यांत, आणि हीटर उघडा असेल तरच पाणी तिथवर जाऊन तिला हुसकावते. ॲक्सिलरेटर दाबायला आत पत्नीला बसवले होते. तिच्या हाती त्यांनी अकरा कलमांचे सूचनापत्रक ठेवले. कलम चार: हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. का ठेवावा, ते मात्र लिहिले नव्हते. दस्तात कारणे देण्याची पद्धत नाही!

"दाब! सोड! दाब!" परंतुराव बाहेरून पाइप चेपत ओरडत होते.

"अहो, इथं भट्टी पेटलीय!"

"धीर धर! परंतु पाय काढू नकोस!"

दहा मिनिटे गेली. बुडबुडा एकही नाही. परंतुराव रेडिएटरच्या तोंडावर वाकले, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे आत रोखून पाहू लागले. तेवढ्यात आतून एक खोल ढेकर आली, आणि कूलंट घातलेल्या हिरव्या पाण्याचे कारंजे उडाले! चेहरा मागे घेतला म्हणून वाचला. उजवा तळवा मात्र भाजला.

इंजिन बंद करायला ओरडत ते खिडकीशी धावले. हीटरचे बटण थंडवर!

"हे कुणी फिरवलं?"

"मी."

"कलम चार!"

"कलम अकरा वाचा," पत्नीने कागद पुढे केला.

त्यांनी वाचले. 'परंतु, आसनस्थ व्यक्तीस त्रास जाणवल्यास तिने आवश्यक ती उपाययोजना विनाविलंब करावी.'

"मला त्रास जाणवला. उपाययोजना केली. विनाविलंब!"

परंतुरावांनी कलमात फट शोधली. तीनदा शोधली. अक्षर त्यांचे, स्वल्पविराम त्यांचे. कलम अभेद्य होते.

इंजिन निवायला दीड तास गेला. तळव्याला पट्टी बांधून झाली आणि परंतुरावांनी आयुष्यात प्रथमच एका सूचनेमागचे कारण सांगितले.

"एवढंच ना? मग आधी सांगायला काय झालं होतं?" म्हणत पत्नीने डोक्यावर ओला टॉवेल घेतला, हीटर गरमवर केला आणि दात आवळून बसून राहिली. आठव्या मिनिटाला बुडबुडे आले. आधी बिचकत, मग घोळक्याने. पाणी खाली गेले, परंतुरावांनी डाव्या हाताने वर भरले. बुडबुडे थांबले. झाकण लागले.

चारला भंगारवाला फाटकात हजर! "काय साहेब, ओढून नेऊ?"

"आधी पंधरा मिनिटं चालवून बघायचीय," परंतुराव म्हणाले, आणि त्यांना आपला पट्टीतला तळवा दिसला. त्या हाताने गिअर कसला टाकणार! आता गाडीचे प्राण एकाच माणसाच्या हाती होते, आणि गाडी जावी अशी इच्छाही त्याच माणसाची होती.

पत्नीने एकवार भंगारवाल्याकडे पाहिले, एकवार नवऱ्याकडे. तिचा परवाना सोळा वर्षे कपाटात पडून होता. गाडी काही कधी हाती मिळाली नव्हती.

"बसा," ती म्हणाली. "शेजारी."

गाडी निघाली. बाजार मागे पडला, पूल मागे पडला.

"काटा कुठंय?"

"मला रस्ता बघू द्या."

"अगं, पंधरा मिनिटं झाली!"

"झाली का? मग राहिली गाडी."

"राहिली? खरंच?" परंतुरावांनी विचारले. "मग आता वळव. तो माणूस फाटकात उभा आहे."

"उभा राहू दे. आत्ताशी तर तिसरा गिअर नीट पडायला लागलाय," असे म्हणून तिने चौथा टाकला.

परंतुरावांनी मान ताणली, मग आणखी ताणली. सव्वीस वर्षांत प्रथमच त्यांच्या ध्यानात आले, की शेजारच्या जागेवरून काटा दिसतच नाही!