टोरांटो येईपर्यंत केर नाही

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगतो, माझ्या पोटात राहणार नाही. आमच्या शुक्रवार पेठेत, समोरच्या शिवप्पाअण्णांच्या घरात पाच दिवस केर काढलेला नाही.

कोणी गावाला निघालं की लगेच झाडत नाहीत, हे आपल्या सगळ्यांकडंच असतं. आपण दहा मिनिटं थांबतो. अण्णांचं म्हणणं, माणूस पोचेपर्यंत थांबायचं. ते नवी पेठेत कापडाच्या दुकानात आहेत, मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मेहुणा वळसंगला निघाला की सव्वा तास झाडू कपाटात, किल्ली अण्णांच्या कमरेला. एकदा मेहुणा एसटी चुकली म्हणून परत आला आणि पुन्हा निघाला, तर अण्णा म्हणाले, "हितनं पुन्हा सव्वा तास."

तर सोमवारी संध्याकाळी त्यांची एकुलती एक लेक गिरिजा नवऱ्याकडं टोरांटोला निघाली. अण्णांनी भिंतीवर खडूनं लिहून काढलं: सोलापूर-मुंबई रेल्वे अकरा तास, मुंबईत थांबा दहा, लंडनपर्यंत विमान दहा, लंडनात तीन, पुढं आठ. एकूण बेचाळीस.

बुधवारी पहाटे काकू, म्हणजे अण्णांच्या बायको, म्हणाल्या, "विमान लंडनला थांबतंय तेवढ्यात पुढचा सोपा तरी झाडून घेऊ का?"

"लंडन म्हंजे मोहोळ हाय. मोहोळला गाडी थांबली म्हनून कोन पुन्याला पोचतंय का?"

"पण तिकडं अजून कालचाच दिवस हाय, तुमीच म्हनला. मग कालच पोचली की."

अण्णांनी भिंतीवरचा हिशोब पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "कालचा केर आज काढता येत न्हाय."

दुपारी बेचाळीस तास भरले. काकूंनी किल्लीसाठी हात पुढं केला.

"विमान पोचलं गं. पोरगी पोचली का न्हाय, ते कोन सांगनार? तार येऊ दे."

तार काही येईना. गुरुवारी विचारपूस करायला अख्खी गल्ली आली, शेंगा खाऊन गेली. टरफलं पायाखाली कुरकुर वाजत होती. अण्णा दुकानाला गेलेच नाहीत. पोस्टमनची सायकल वाजली की उठायचे, ती पुढं गेली की बसायचे.

आज दुपारी तार आली. अण्णांनी ती माझ्याच हातात दिली, म्हणून मीच वाचली. सुखरूप पोचले, काळजी नको.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला, अण्णांच्या कमरेची किल्ली स्वतःच ओढून घेतली आणि झाडू काढला. पहिला हात मारणार, तेवढ्यात अण्णांनी झाडूच धरला.

"आता काय राहिलं?" काकू वैतागल्या. "पोचली की."

"व्हय, पोचली," अण्णा म्हणाले. "पन झाडलं म्हंजे गेली की गं."

काकूंनी झाडू भिंतीला टेकवला आणि त्या तिथंच टरफलांत त्यांच्या शेजारी बसल्या. मी चप्पल घालून गपचूप घरी आलो.

तुमच्याकडं कोणी गेल्यावर असं झालंय का हो? तुम्ही किती दिवस झाडलं नाही?