कोबेहून आलेलं शेवटचं पान

सार्वजनिक ज्ञान हे नेहमी कुणाच्या तरी खाजगी पत्रातूनच वाढत असतं. जानेफळच्या अलीकडे दोन कोसांवर एक गाव आहे (नाव देत नाही, तिथं हल्ली वाचणारे वाढले आहेत). त्या गावाला जपान देशाची सांगोपांग माहिती होती, ती अशीच.

माहितीचा उगम म्हणजे सईद. मुंबईच्या एका कापूस पाठवणाऱ्या पेढीनं त्याला पारखी म्हणून जपानात, कोबे बंदरी नेऊन ठेवलं होतं. रुई चिमटीत धरून हळूच ओढायची आणि धागा केवढा निघतो ते सांगायचं, हे त्याचं काम. बायको खुर्शीदा गावातच, सासू इमामबीजवळ. पत्र यायचं खुर्शीदाच्या नावानं. पण तिला वाचता येत नव्हतं आणि टपाल चावडीवर उतरायचं. तेव्हा पत्र चावडीतच वाचावं, असा शिरस्ता पडला. वाचणार वामनराव मास्तर, अध्यक्ष महादेवराव पाटील. बाईमाणसानं चावडीत येणं गैरशिस्त, म्हणून पत्राची मालकीण मागच्या खिडकीखाली डोक्यावर घागर घेऊन उभी राहायची. (घागर रिकामी असे. भरलेली घेऊन सबंध पत्र ऐकवत नाही.)

सहा वर्षांत एकोणपन्नास पत्रं वाचली गेली. घरातली सारी माणसं एकाच टाकीतल्या कढत पाण्यात पाळीपाळीनं बसतात, हे कळल्यावर गावानं जपानची कीव केली. भिंती कागदाच्या असतात, हे बहुमतानं अमान्य झालं. चहात दूधही नाही अन् साखरही नाही, हे ऐकल्यावर सभाच तहकूब करावी लागली. मेहकरच्या पलीकडे कधी न गेलेले पुंजाजी तर सईदनं कोबेत कोणत्या बाजूला घर घ्यावं, याचा सल्ला देऊ लागले.

शेवटचं पान बायकोसाठी असे. ते मोठ्यानं आणि सभासदांच्या आग्रहास्तव दोनदा वाचण्यात येई. तेवढा वेळ खुर्शीदा घागर डोक्यावरून उतरवून तोंडासमोर धरायची.

तेहतीस साली तिकडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानचा कापूस घेणं बंद केलं. चावडीनं जपानचा कडक निषेध केला. (ठराव मांडताना पाटलांच्या डोक्याला जपानी मलमलीचा फेटा होता. कापड चांगलं निघालं होतं.) त्याच पत्राच्या शेवटच्या पानावर सईदनं लिहिलं होतं, की पारखायला आता कापूसच नाही. शेठ म्हणतात, गावी जा, नाहीतर इथलं गोदाम सांभाळ. पण सांभाळायचं तर कायमचं. मी परत येऊ, की तू इकडं येतेस? तू म्हणशील तसं करीन. लवकर कळव.

यातली 'तू' म्हणजे चावडी, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पाच जणांची समिती नेमली गेली.

समितीनं प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला. सईद परत आला तर पत्रं बंद. खुर्शीदा गेली तरी पत्रं बंद, कारण मग तो लिहील कुणाला? दोन्हीकडून गावाचंच नुकसान. इमामबी ओट्याखाली उभं राहून सांगून गेली, की पोरीचं मन तिकडं जायाचं हाय. मास्तरांनी नोंद केली, 'संबंधितांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले.'

पाटील म्हणाले, "इमामबी, तिले जपानातलं काय समजते? आमी सहा वर्सं आयकून राह्यलो."

खिडकीखालून आवाज आला, "मी बी तेच आयकून राह्यली, पाटील. उभ्यानं."

मग खिडकी लावून घेण्यात आली आणि उत्तर मंजूर झालं: 'तू तेथेच राहावे. ती येथेच राहील. पत्रे नियमित पाठवावीत. अक्षर मोठे काढावे.'

त्याच दुपारी खुर्शीदा शेजारच्या पुष्पाबाईकडे गेली. पुष्पाबाई मुलींच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकलेली. गावात हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"काय लिवू?" पुष्पाबाईनं विचारलं.

"लिवा, मले न्यायले या. चावडीचं आयकू नका."

"बस? मायना नाही, खुशाली नाही?"

"ते चावडीवाले लिवतेत. वांग्याचा भावही लिवतेत."

खुर्शीदाचा भाऊ रहेमतुल्ला बैलगाडी घेऊन मेहकरला जात असे. त्यानं ते पत्र तिथल्या टपालात टाकलं. पुढं रहेमतुल्लाच्याच हाती पासपोर्टाचे अर्ज आले. त्यांवर पाटलांची सही लागत होती, ती त्यांनी तत्काळ केली. कागद इंग्रजीत होता, आणि वाचता न येणारा कागद चावडीत वाचायचा नसतो. एका सकाळी सईद आला, दोन दिवस राहिला आणि खुर्शीदाला नि इमामबीला घेऊन खामगावच्या मोटारीत बसला. तो त्यांना कायमचं नेतो आहे हे चावडीला कळलं, तेव्हा रस्त्यावर फक्त धूळ होती.

पुढं पाच महिन्यांनी रहेमतुल्लानं पुष्पाबाईच्या हातात एक पाकीट ठेवलं. पुष्पाबाईनं ते बोट लावत लावत वाचलं.

'पुष्पाबाई, हे पत्र मी सांगून राह्यली, ते लिवून राह्यले. हे तुमच्यापुरतंच हाय, कोनाले दाखवू नका. भिंती खरंच कागदाच्या हायेत. सासूबाईले चहा आवडला नाही. इथं आपन परदेसी, म्हनून पोलिसाचा शिपाई घरी येते. कोन आलं, कोन गेलं, पत्रात काय लिवलं, सारं इचारते. वाकून इचारते. ते म्हनतेत, तुले तरास होत असन. मी म्हनलं, काऊन? हा तं महिन्यातून एकदाच येते. मले लय मोकळं वाटते.'

पुष्पाबाईनं पत्राची घडी घातली आणि ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवली. पाटलांनी दोनदा माणूस पाठवला, मास्तर स्वतः येऊन बसले, पुंजाजींनी तर नुसतं पाकीट तरी दाखवा म्हणून गळ घातली. तिनं कुणालाही दाद दिली नाही. चावडीला त्या पत्रातलं एक अक्षर आजतागायत कळलेलं नाही.

ते फक्त तुम्ही वाचलंत. आणि 'कोनाले दाखवू नका' इथंही थांबला नाहीत.