निर्लेखित हातपंपाची पुनर्नियुक्ती

आबांच्या आंघोळीचा प्रश्न घरात अधिकृतपणे उपस्थित झाला तो एका सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. तोवर फार उशीर झालेला होता.

सुरुवात एका टोपलीने झाली होती. वेताची, बिनझाकणाची, कानांना सुतळी गुंडाळलेली साधी टोपली. सूनबाईंनी ती कुठल्याशा प्रदर्शनातून आणली, न्हाणीघरातल्या फळीवर ठेवली, तिच्यात तीन टॉवेलांच्या गुंडाळ्या रचल्या आणि हे टॉवेल वापरण्यासाठी नाहीत असं सर्वांना कळवलं. दुसऱ्या दिवशी टोपली छान दिसत होती, पण तिच्यामागच्या पांढऱ्या फरशा वाईट दिसायला लागल्या. फरशा काल होत्या तशाच होत्या. टोपलीपुढे त्या हॉस्पिटलसारख्या वाटतात, असा साक्षात्कार सूनबाईंना दात घासताना झाला.

आबांचे चिरंजीव एका मोठ्या कंपनीच्या नियोजन विभागात होते आणि घरही त्याच पद्धतीने चालवत. त्यांच्या घरात साधा बल्ब गेला तरी बैठक व्हायची. याही वेळी झाली. 'न्हाणीघराचे उबदार ग्रामीण शैलीत नूतनीकरण' हा ठराव दोन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. आबा बैठकीला हजर होते, पण निमंत्रित म्हणून. निमंत्रितांना मत नसतं.

"आबा, हा खरं तर तुमचाच विषय आहे," चिरंजीव म्हणाले. "तुमचं बालपण खेड्यात गेलं. तुम्हाला तर आनंद व्हायला हवा."

"माझ्या बालपणी घरात न्हाणीघरच नव्हतं," आबा म्हणाले.

"बघा, किती साधेपणा होता!" सूनबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरोखर ओलावले.

आबांबद्दल इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे ते छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात होते, आणि खेड्याखेड्यांत घरोघर नळ पोचवणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. लहानपणी त्यांनी इतकं पाणी वाहिलं होतं की मोठेपणी त्यांनी दुसऱ्या कुठल्याही ध्येयाचा शोध घेतला नाही. बायका-पोरांच्या डोक्यावरचं पाणी खाली उतरवायचं, एवढं एकच त्यांना कळत होतं. दुसरी गोष्ट, मागच्या वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून न्हाणीघरात धरायला स्टीलचा एक दांडा बसवला होता. त्या दांड्याच्या जोरावर आबा स्वतःची आंघोळ स्वतः करत. बाकी बऱ्याच गोष्टी वयाने काढून घेतल्या होत्या. कडी लावून, उभ्याने, गरम पाण्याची एकट्याची आंघोळ तेवढी उरली होती, आणि ती कुणी काढून घेऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती.

ठरावाच्या अंमलबजावणीसाठी सजावटकार बाई आल्या. पायात लाकडी खडखडाट करणारे सपाते, गळ्यात दोरी, दोरीला चष्मा. जन्मात त्यांनी खेडं पाहिलं होतं ते विमानातून, तेही ढग नव्हते म्हणून. त्यांनी आबांना समोर बसवून वही उघडली.

"तुमच्या मनातला गावाकडचा वास कोणता, आबा? अगदी खोल आठवा."

"शेणाचा," आबा म्हणाले.

बाईंनी वहीत 'मृद्गंध' असं लिहिलं.

मग कामाला तोंड लागलं. पांढऱ्या फरशा उखडून खडबडीत दगड बसवले गेले, कारण गुळगुळीतपणा हा शहरी दोष आहे. आरसा बदलून मुद्दाम डाग पाडलेला आरसा आला. त्यात चेहऱ्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग दिसे, आणि तोही दुसऱ्याच कुणाचा तरी वाटे. दाढी करताना आबा अंदाजाने वस्तरा फिरवू लागले. गिझर पांढरा असल्यामुळे दृश्यात व्यत्यय आणत होता, म्हणून तो काढला आणि त्या जागी लाकडी पिंप टांगलं. पिंपात पाणी तापत नसे. पण ते पाहूनच ऊब वाटते, असं बाईंनी लेखी दिलं. टॉवेल वाळत घालायला एक मोडकी शिडी आली. दूध वाहायचा जुना कॅन आला, त्यात वाळकं गवत आलं, आणि गवतात लपलेल्या किड्यांचा एक कुटुंबकबिलाही आला, पण त्याची नोंद आराखड्यात नव्हती.

दाराचं काम सर्वांत कठीण निघालं. गोठ्याच्या दाराच्या धर्तीचं, फळ्याफळ्यांचं, वरून सरकणारं दार बसलं. ते पूर्ण मिटत नव्हतं. चार बोटं फट राहायची.

"आणि कडी?" आबांनी विचारलं.

"ग्रामीण जीवनाचा पाया परस्परविश्वास आहे, आबा," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून आंघोळीला गेलेला माणूस सतत खाकरत राहू लागला. चिरंजीव मात्र फोनवर बोलत आंघोळ करत, त्यांना फरक पडला नाही.

शेवटी दांड्याची पाळी आली. एवढ्या दगडा-लाकडात तो स्टीलचा दांडा म्हणजे डोळ्यात खुपणारं कुसळ, असं बाईंचं मत पडलं. त्याच्या जागी जाडजूड सुंभाची दोरी छतापासून सोडण्यात आली. आबांनी ती धरून पाहिली. दोरी त्यांच्यासकट भिंतीकडून दाराकडे गेली.

"हिला धरून मी उभा राहायचं की झोके घ्यायचे?"

"दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या आहेत," बाई म्हणाल्या.

एवढं झाल्यावर नळ एकटा किती दिवस टिकणार? एका शनिवारी प्लंबर आला, त्याने नळ काढला, आणि त्याच्या जागी एका खेड्यातून शोधून आणलेला अस्सल जुना लोखंडी हातपंप ठोकून बसवला. भिंतीतल्या पाइपातून पाणी धोधो येत होतं, ते आधी एका टाकीत अडवलं, मग टाकीतून पंपाने उपसायची सोय केली. प्लंबर अनुभवी माणूस होता. हत्यारं पिशवीत भरता भरता तो आबांना हळूच म्हणाला, "साहेब, वीस वर्षं झाली या धंद्यात. आलेलं पाणी परत खाली ढकलायचं काम पहिल्यांदाच केलं."

आबांनी चष्मा लावून पंप न्याहाळला. पंपाच्या पोटावर पिवळ्या रंगात एक क्रमांक होता. क्रमांकाखाली तीन ओळी होत्या: 'वापरण्यास धोकादायक. दांडा उसळतो. सबब निर्लेखित.' खाली सही होती. सही आबांची होती.

हा त्यांच्याच गावातला पंप होता. याच पंपाने त्यांच्या आईचा पुढचा दात पाडला होता. नोकरीत अधिकार मिळाल्याबरोबर आबांनी पहिलं काम केलं होतं ते गावात नळ नेण्याचं, आणि दुसरं, या पंपाला स्वतःच्या हाताने रंगवून कायमचा निकालात काढण्याचं. तो दिवस त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा दिवस होता. आणि आज तो राक्षस त्यांच्या न्हाणीघरात साबणाच्या वडीशेजारी उभा होता.

"अहो, ही सही पुसायची नाही हं!" सजावटकार बाई टाळ्या पिटत म्हणाल्या. "हीच तर अस्सलपणाची खूण आहे!"

त्याच सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आबांनी अर्ज लिहिला. घरात तोंडी बोलण्याचा उपयोग नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. 'विषय: नळ, कडी व दांडा परत मिळण्याबाबत. महोदय, उपरोक्त पंप हा अधोस्वाक्षरीकाराने पूर्वीच अपायकारक म्हणून निर्लेखित केलेला असून...' असा तो एक पानभर होता. त्यांनी तो चिरंजीवांच्या चहाच्या कपाखाली ठेवला.

संध्याकाळी उत्तर आलं. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. दृश्यसातत्याच्या कारणास्तव सध्या बदल शक्य नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभार.' खाली चिरंजीवांची सही होती. ज्याला कडेवर घेऊन आबांनी पहिल्यांदा नळ उघडून दाखवला होता, त्याच पोराची ही सही. आबांनी कागद चार वेळा वाचला. राग यायला हवा होता, पण मसुदा इतका निर्दोष होता की त्यांना थोडं कौतुकच वाटलं, आणि त्या कौतुकाचीच मग जास्त चीड आली.

बुधवारी पंपाचा दांडा उसळला. आबांच्या हनुवटीला पाच टाके पडले. एका हातात दोरी होती, ती नेहमीप्रमाणे दाराकडे गेली, त्यामुळे आबा साबणासकट अर्धे बाहेर आले. दिवाणखान्यात सूनबाईंच्या मैत्रिणी बसल्या होत्या. परस्परविश्वासाचा तो कळस होता.

घटनेची चौकशी झाली. चौकशी चिरंजीवांनीच केली.

"आबा, पंप धोकादायक आहे असं तुम्हीच त्यावर लिहिलंय ना?"

"हो."

"तुमचीच सही आहे?"

"माझीच."

"म्हणजे तुम्हाला पूर्वकल्पना होती. तरीही तुम्ही दांड्याला हात लावलात." चिरंजीवांनी पेनाचं टोपण लावलं. "आता यात आम्ही काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी आबांनी पिशवीत साबण, टॉवेल आणि धुतलेले कपडे भरले आणि बस पकडून दोन तासांवरचं आपलं गाव गाठलं. तिथे त्यांचा चुलतभाऊ राहत होता. घरात धाकटा म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणत. आता तो पासष्ट वर्षांचा होता आणि दारातून वाकून आत यायचा. पंप त्याच्याच गोठ्यामागे पडलेला होता, आणि सजावटकार बाईंनी तो त्याच्याकडूनच उचलला होता.

"दादा, मला काय ठाऊक तो तुझ्याच घरी जाणार!" बारक्या कपाळाला हात लावून म्हणाला. "ती बाई त्याला मिठी मारत होती रे. मला वाटलं, वेडी आहे, नेऊ दे. जाता जाता गवतपण मागितलं."

मग त्याने आबांना आपलं न्हाणीघर दाखवलं. पांढऱ्याशुभ्र फरशा. चकचकीत नळ, एक गरम, एक गार. डोक्यावर गिझर. दाराला आतून कडी, आणि कडीच्या वर आणखी एक कडी. कोपऱ्यात धरायला स्टीलचा दांडा.

"हा दांडा तुझाच असणार," बारक्या म्हणाला. "पंप न्यायला आली तेव्हा त्या बाईच्या गाडीत पडला होता, टाकून देत होती. मी म्हटलं, द्या इकडे."

आबांनी दोन्ही कड्या लावल्या, दांडा धरला आणि तासभर आंघोळ केली. नळ उघडला की पाणी येतं, हे त्यांनी पाच-सहा वेळा उघडून खात्री करून घेतलं. पाण्याखाली ते थोडे रडले, पण ते कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. कडी होती.

पुढे सगळं सुरळीत बसलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार आबा आंघोळीसाठी खेड्यात जात आणि स्वच्छ होऊन शहरातल्या खेड्यात परत येत. इकडे न्हाणीघराची कीर्ती पसरली. एका मासिकाने त्यावर चार पानं छापली: 'मातीशी नाळ जोडणारं घर'. पाहुणे पाहायला येऊ लागले. डाग पाडलेल्या आरशासमोर फोटो काढू लागले. गर्दीमुळे आंघोळींवर मर्यादा घालाव्या लागल्या, आणि पुढे सूनबाई स्वतः व्यायामशाळेत जाऊन आंघोळ करू लागल्या, चिरंजीव ऑफिसात. न्हाणीघर कोरडं राहू लागलं, त्यामुळे ते अधिकच छान दिसे.

सजावटकार बाईंना फक्त एक उणीव जाणवत होती. "फोटोत जिवंतपणा हवा," त्या म्हणाल्या. "आबा पंपाशेजारी बसले तर? जुने कपडे घालून? हनुवटीची ती खूण फारच सुंदर आली आहे."

आबा उठून आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. त्या दाराला अजून होती.

पुढच्या गुरुवारी ते गावी पोचले तेव्हा बारक्या अंगणात खाली मान घालून उभा होता. आतून ठोकाठोकीचा आवाज येत होता. पांढऱ्या फरशांचे तुकडे ढिगाने बाहेर पडले होते.

"दादा, आमच्या सुनेने ते मासिक पाहिलं," बारक्या म्हणाला. "मी पुष्कळ सांगितलं, अगं, हे सगळं आपल्याकडे होतंच की, आपणच फेकलं. तर म्हणते, ते जुनं होतं, हे नवीन आहे. पंप मागवलाय. कारखान्यातून. गंज लावूनच येतो आता."

"दांडा?"

बारक्याने मागे बोट दाखवलं. ओसरीत छतापासून सोडायची दोरी पडली होती.

आबा पिशवी घेऊन तसेच परतीच्या बसमध्ये बसले. त्यानंतर ते कुणाच्या घरी जातात, कुणाला सांगत नाहीत. ओळखीचे, अर्धओळखीचे, कुणाचंही दार ते वाजवतात.

तेव्हा एखाद्या सकाळी तुमची बेल वाजली, आणि दारात हनुवटीवर व्रण असलेले, हातात पिशवी धरलेले एक वृद्ध गृहस्थ दिसले, तर गोंधळू नका. ते अगदी नम्रपणे विचारतील, "आपल्याकडे नळ आहे का अजून? आणि कडी?" तुम्ही अभिमानाने हो म्हणाल, त्यांना आत न्याल, दिवा लावाल. ते नळाकडे पाहतील, कडी एकदा लावून काढून बघतील, आणि मग त्यांची नजर फळीवर जाईल.

"हे काय?" ते विचारतील.

"ती होय? सहज आणली हो," तुम्ही हसून म्हणाल. "साधी टोपलीच तर आहे."

आबा साबण पुन्हा पिशवीत टाकतील आणि शेजारच्यांची बेल वाजवायला जातील.