हवालदारांची खिडकी

कृष्णात हवालदार लढाई संपवून उंब्रजला परतले, ते मशिनगनच्या गोष्टी घेऊनच. चावडीवर बसून ते इटलीतले डोंगर असे काही उडवायचे, की ऐकता ऐकता हंबीरराव पाटलांची चिलीम विझून जायची. खरी गोष्ट एकट्या शालूबाईला ठाऊक होती. तिच्या नवऱ्यानं सारी लढाई पलटणीच्या लंगरखान्यात रोट्या भाजत काढली होती, आणि ती सवय काही केल्या सुटत नव्हती. घरच्या भाकरीही हवालदारच थापायचे. शालूबाईची भाकरी ताटात पडली की वाजायची, हेही एक कारण होतंच.

थापताना खिडकी मात्र घट्ट लावलेली असायची. गावानं बघितलं असतं तर मशिनगनची सारी अब्रू पिठात गेली असती. पण खिडकी लावली की धूर कोंडायचा, आणि हवालदार खोकत, रडत भाकरी उलटायचे.

"हाय एक विलाज," एके दिवशी ते डोळे चोळत म्हणाले. "इटलीत खिडक्यांस्नी तिरक्या पट्ट्या असत्यात. धूर जातो, पर बाहीरच्याला आतलं काय बी दिसत न्हाई."

"मंग सुताराला सांगा की."

"सुतार कशाला? मला काय हात न्हाईत?"

त्यांनी आंब्याची फळी बाजेवर ठेवून करवत चालवली. फळी कापली गेली आणि खालची बाजेची कडही. पुढं कित्येक दिवस नवराबायको झोपेत एकाच कोपऱ्याकडे घसरत राहिली. एक पट्टी रंध्याखाली इतकी पातळ झाली, की शालूबाईनं ती उलथनं म्हणून उचलून नेली. सरतेशेवटी झडप तयार झाली, पण तिची वरची बाजू कुठली नि खालची कुठली, हेच हवालदारांना कळेना.

"बसवतो अशी. तू बाहीर जाऊन बघ." झडप ठोकून ते चुलीपुढं बसले. "दिसतुया का मी?"

शालूबाईनं बाहेरून आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. "न्हाई बाई! समदा अंधार हाय!"

आतून हवालदारांना पट्ट्यांमधून नुसतं आभाळ दिसत होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवसापासून ते धोतर खोचून, गाणी म्हणत भाकरी थापू लागले.

पण गावाचं काहीतरी बिनसलं. चावडीवर गोष्ट रंगात आली, की कुणीतरी हळूच विचारायचं, "हवालदार, मशिनगन तव्यावर ठिवत्यात व्हय?" एकदा शेजारची दगडाबाई वाटेत आडवी आली. "भावजी, पिठाला पानी कडत घ्यावं का गार?"

"मला काय ठावं!" हवालदार गरजले आणि तरातरा चालू लागले. पण त्यांना राहवेना. मागं वळून ओरडले, "कडत! आन् मळायचं लय!"

मग एका सकाळी हवालदार भाकरी थापत असताना हंबीरराव पाटीलच दारात आले, तेही पागोटं हातात घेऊन.

"हवालदार, पाया पडतो. ती खिडकी तेवढी उलटी बसवा."

"का वं पाटील?"

"आवं, तुमच्या दारावरनं जाणारी बाई उभी राहून बघती, आन् घरी जाऊन नवऱ्याम्होरं परात ठिवती! आमच्याकडं कालपासनं चूल थंड हाय. म्हणती, मशिनगनवाला थापतोय, तुमी तर नुसतं पाटील!"

हवालदार तसेच बाहेर धावले. खिडकीपाशी उभं राहून बघतात तो चूल, परात, पाट, सगळं लख्ख दिसत होतं. तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. लाजेनं त्यांचे कान तापले.

"शाले! तू तर म्हणालीस अंधार हाय!"

शालूबाई पदर तोंडाला लावून उभी होती. "मंग काय करू? नदीवर धुनं धुताना मी सांगायची, आमचं मालक भाकरी करून घालत्यात. एक बाई इस्वास ठिवंना. वर हसायच्या मला."

"आन् आता?"

"आता नवऱ्यास्नी घिऊन येत्यात, दावाया."

हवालदारांनी चिडून झडपेला हात घातला. तेवढ्यात पाटलांनी त्यांचा हात धरला. ते मघापासून पट्ट्यांना डोळा लावून उभे होते.

"खिडकीचं मग बघू," ते हळू आवाजात म्हणाले. "आदी आत जाऊन ती भाकरी उलटा. आन् जरा सावकाश, गड्या. मला शिकून जायाचं हाय."